विचारण्याचा खर्च

घर एका खोलीचं. नवरा रात्रपाळीहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेला, सासू दाराशी मेथी निवडत बसलेली. समोर सर्वेक्षणाची ताई मांडीवर टॅबलेट घेऊन. आतापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं: मुलं किती, पाणी कुठून आणता, लसी झाल्या का. आता पुढचे प्रश्न वेगळे आहेत. नवऱ्याने कधी थोबाडीत मारली का? केस ओढले का? तुमची इच्छा नसताना जबरदस्ती केली का? नियम असा की कुणाच्या कानावर पडण्याची शक्यता असेल तर हा भाग सुरूच करायचा नाही. ताई थांबते आणि म्हणते, "वहिनी, मी दुपारून परत येऊ का?"

असं घर देशातल्या कुठल्याही वस्तीत सापडेल. त्या घरी दुसऱ्यांदा येण्याचा रिक्षाखर्च आणि ताईचा अर्धा दिवस कुणीतरी अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा लागतो. तो धरलेला नसेल तर ताई हिंसेचा भाग वगळून पुढच्या घरी जाते. त्या बाईची बाजू आकड्यात येत नाही, आणि तसं झाल्याचं कुणाला कळतही नाही. लैंगिक अत्याचारावरच्या संशोधनाला सरकारने पैसा द्यायचा म्हणजे काय, हे मला या एका फेरीवरून नीट समजतं.

पोलिसांचा आकडा आणि घरातला आकडा

आपल्याकडे दोन मोठे सरकारी आकडे फिरतात. पहिला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा. त्यांच्या अहवालानुसार २०२२ साली देशात महिलांवरच्या गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं नोंदली गेली. त्यांतली बलात्काराची ३१,५१६.

दुसरा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, एनएफएचएसचा. पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या सुमारे ६ टक्के बायकांनी सांगितलं की आयुष्यात कधी ना कधी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे. या वयाच्या बायकांची देशातली संख्या लक्षात घेतली, तर हा ढोबळ हिशेब दीड-दोन कोटींच्या घरात जातो.

या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. एक आकडा वर्षाचा, दुसरा आयुष्यभराचा. एक प्रकरणांचा, दुसरा माणसांचा. तरी दोघांमधलं अंतर डोळ्यांत भरतं. एनसीआरबी पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्यांनाच मोजतं, आणि पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. चारातल्या तिघींहून अधिक जणींनी कुणाला सांगितलंही नव्हतं. नातेवाईक नाही, मैत्रीण नाही, पोलीस तर दूरच.

आणखी एक गोष्ट. लग्न झालेल्या ज्या बायकांनी लैंगिक अत्याचार सांगितला, त्यांच्यातल्या दहापैकी आठांहून अधिक जणींच्या बाबतीत तो करणारा आताचा नवरा होता. पत्नी सज्ञान असेल तर आपल्या कायद्यात हा बलात्कार ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तो अपवाद कायम आहे. म्हणजे एनसीआरबीच्या तक्त्यात या घटनेला बलात्कार म्हणून रकानाच नाही. एनएफएचएसमध्ये आहे. गृह मंत्रालयाच्या पैशाने केलेली मोजणी जे दाखवत नाही, ते आरोग्य मंत्रालयाच्या पैशाने केलेली मोजणी दाखवते. सरकार तेच, तिजोरीही तीच.

पैसा येतो कुठून

भारतात या विषयाचं एक खातं नाही, हे आधी सांगायला हवं. एनएफएचएस आरोग्य मंत्रालयाचं. ते प्रत्यक्ष चालवते देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस. १९५६ साली स्थापन झालेली, गोवंडी स्टेशनवरून चालत जाता येईल अशा ठिकाणी असलेली ही संस्था कित्येक मुंबईकरांना ठाऊकही नसते. एनसीआरबी आणि पोलीस संशोधन व विकास विभाग गृह मंत्रालयाकडे. महिला व बालविकास मंत्रालय आणि राष्ट्रीय महिला आयोग छोट्या अभ्यासांना अनुदान देतात. वैद्यकीय बाजू भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे (आयसीएमआर), सामाजिक बाजू भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे (आयसीएसएसआर).

इतक्या ठिकाणी विषय वाटला गेला की तो कुणाच्याच टेबलावर पहिला नसतो. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्याला "हे आरोग्यात येतं, की बालविकासात, की गृहात?" इथूनच सुरुवात करावी लागते.

अनुदानाची कागदी वाटही समजून घेण्यासारखी आहे. पैसे सहसा एकरकमी येत नाहीत, हप्त्याने येतात. पुढचा हप्ता हवा तर आधीच्याचं विनियोग प्रमाणपत्र आणि तपासलेले हिशेब द्यायचे. सरकारी भाषेत त्याला सगळे 'यूसी' म्हणतात. पूल बांधताना ही पद्धत ठीक असेल. इथे मात्र ज्या मुलाखतकार मुलींना महिनाभर प्रशिक्षण देऊन तयार केलं, त्या हप्ता लांबला की दुसरी नोकरी धरतात. हिंसेबद्दल कसं विचारायचं हे शिकलेली मुलगी गेली, की तिच्यावरचा सगळा खर्च तिच्याबरोबर जातो. तो यूसीवर कुठेच दिसत नाही.

हा अभ्यास महाग का पडतो

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी नैतिक आणि सुरक्षिततेच्या सूचना काढल्या. गाभा सरळ आहे: माहितीपेक्षा समोरच्या बाईची सुरक्षितता मोठी. एनएफएचएसची पद्धतही त्याच जातकुळीची. एका घरातल्या एकाच बाईला हिंसेबद्दल विचारायचं, म्हणजे जाऊबाईला सुगावा लागत नाही. पुन्हा वेगळी संमती घ्यायची. मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा.

प्रश्नाची भाषाही ठरलेली असते. "तुमच्यावर हिंसा होते का?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर येतं, "छे, आमच्यात तसलं काही नाही." म्हणून एकेक कृती विचारायची: ढकललं का, हात पिरगळला का, लाथ मारली का, गळा दाबला का, चटका दिला का. थोबाडीत खाल्लेली बाई त्याला हिंसा म्हणेलच असं नाही. थोबाडीत मारली का, याला मात्र ती हो किंवा नाही म्हणते.

म्हणजे बायका मुलाखतकारच हव्यात, त्यांचं वेगळं प्रशिक्षण हवं, परत जाण्याच्या फेऱ्या हव्यात. सांगता सांगता बाई कोसळली तर तिला कुठे पाठवायचं, त्या ठिकाणाचा पत्ता हवा, आणि तो चालू असायला हवा. दिवसाला चार अशा कहाण्या ऐकणाऱ्या मुलाखतकार मुलीलाही बोलायला कुणीतरी हवं. खर्च छाटायला बसलेल्या माणसाला ही शेवटची बाब पहिली दिसते, असा माझा समज आहे, आणि तो चुकीचा ठरला तर मला आनंदच होईल.

पैसा आणि कष्ट कमी पडले तर काय होतं, किंवा काय झालं असावं, याचं एक उदाहरण. कर्नाटकात नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या बायकांचं प्रमाण चौथ्या फेरीत २०.६ टक्के होतं. पाचव्या फेरीत ते ४४.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. बऱ्याच जणांनी दोष टाळेबंदीला दिला. पण कर्नाटकातलं काम जानेवारी २०२० पर्यंत आटोपलं होतं, टाळेबंदीच्या आधीच. मग चार वर्षांत मारहाण दुप्पट झाली, की आधीच्या वेळी अर्ध्या बायका गप्प राहिल्या? महाराष्ट्रात हाच आकडा २१.३ वरून २५.२ वर गेला. वाढ लहान आहे, प्रश्न तोच. याचं उत्तर शोधायला आणखी एक अभ्यास लागतो: कुणी विचारलं, किती वेळ घेतला, दार बंद होतं का, हे तपासणारा.

२००७ : सरकारने मुलांना विचारलं

महिला व बालविकास मंत्रालयाने एकदा हे धाडस केलं. 'प्रयास' या दिल्लीच्या संस्थेकडून, युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन यांच्या साथीने, बालकांवरच्या अत्याचाराचा देशव्यापी अभ्यास करवून घेतला. तेरा राज्यं, त्यांत महाराष्ट्र आणि गोवाही. १२,४४७ मुलं. घरी राहणारी, शाळेत जाणारी, कामाला जुंपलेली, रस्त्यावरची आणि संस्थांमधली, अशा पाच गटांतली. रेणुका चौधरी तेव्हा मंत्री होत्या. अहवाल २००७ साली आला.

५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. गंभीर प्रकार सांगणारी मुलं पाचातल्या एकाहून थोडी अधिक. आणि ज्यांनी सोसल्याचं सांगितलं त्यांच्यात मुलगे ५२.९४ टक्के, मुली ४७.०६.

हा शेवटचा तपशील वाचून त्या वेळी अनेकांनी चष्मा पुसला असेल. 'मुलीला सांभाळा' हे आपल्या घराघरांतलं वाक्य. मुलाबद्दल तसं कुणी म्हणत नाही. पुढे २०१२ साली बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला तो मुलगा-मुलगी असा भेद न करता. त्या कायद्यामागे बरीच वर्षांची चळवळ होती, गोव्याने तर २००३ सालीच स्वतःचा बालक कायदा केला होता. पण सरकारच्याच नावाने छापलेला आकडा संसदेत नाकारणं अवघड असतं.

या आकड्याची एक खोटही सांगायला हवी. पाच गट मुद्दाम निवडलेले होते. रस्त्यावरच्या आणि संस्थेतल्या मुलांचं नमुन्यातलं प्रमाण देशातल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय अश्लील चित्रं दाखवण्यापासून बळजबरीपर्यंत सगळं त्या ५३ टक्क्यांत आहे. म्हणून 'भारतातली निम्मी मुलं' असं म्हणणं बरोबर नाही. तरी भाषणांत आणि पोस्टरांवर ते तसंच येतं. २००७ मध्ये पाच वर्षांचं असलेलं मूल आज तेवीस-चोवीस वर्षांचं आहे, आणि आपण अजून त्याच्याच लहानपणाचा आकडा आजच्या मुलांसाठी वापरतो आहोत. तेव्हा मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हता.

कलम १९ चा पेच

आज तसाच अभ्यास करायचा म्हटलं तर एक नवी अडचण आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार मुलावर अत्याचार झाल्याचं कळलेल्या कुणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संशोधकाला यातून सूट नाही.

आता मुलाला काय सांगायचं? "तू सांगशील ते कुणाला कळणार नाही" असं म्हटलं तर ते खोटं. "तू सांगितलंस तर मला पोलिसांना कळवावं लागेल" म्हटलं तर मूल काय उत्तर देईल ते ठरलेलंच. काही अभ्यासक वाटा काढतात. नाव-गाव न घेता मुलाने स्वतः संगणकावर उत्तर भरायचं, किंवा सज्ञान झालेल्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारायचं. दुसऱ्या वाटेने मिळणारं चित्र नेहमी काही वर्षं जुनं. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत हिंसेचा भाग १८ वर्षांखालच्या मुलींना विचारलेलाच नाही.

कायदा मुलाच्या भल्यासाठी आहे याबद्दल वाद नाही. पण कायदा करताना त्याच्या परिणामांचा अभ्यास कसा व्हायचा याचा विचार झालेला दिसत नाही. एथिक्स कमिट्या आपापल्या परीने मार्ग काढतात, आणि जिथे कमिटी घाबरट तिथे प्रस्ताव पडून राहतो.

निर्भया निधी : यंत्रं आणि प्रश्न

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१३–१४ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. पुढच्या वर्षांत त्यात भर पडत गेली. त्यातून ११२ ची आपत्कालीन सेवा आली, सखी वन स्टॉप केंद्रं आली, जलदगती न्यायालयं, रेल्वे स्थानकांवरचे कॅमेरे, मुंबईसह आठ शहरांचे 'सेफ सिटी' प्रकल्प आले. चंदीगडच्या केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जवळपास शंभर कोटींचा डीएनए विभाग उभा राहिला.

यातली डीएनए विभागासारखी कामं गरजेचीच होती. पण खर्चाची यादी वाचताना जाणवतं की ज्याचं उद्घाटन करता येतं त्याला पैसा मिळाला. कॅमेरा लावल्यावर त्या फलाटावर छेडछाड कमी झाली का, वन स्टॉप केंद्रात आलेल्या बाईचं सहा महिन्यांनी काय झालं, हे पाहायला त्यामानाने फार थोडं. नारळ फोडायला जागा नसलेल्या कामाला निधी मागणं कठीणच.

प्रयोगशाळा आणि प्रश्न यांतला फरक अमेरिकेतल्या डेट्रॉइटने चांगला दाखवला. २००९ साली तिथल्या पोलिसांच्या एका गोदामात बलात्काराच्या पुराव्याची ११ हजारांहून अधिक किट सापडली. कित्येक वर्षं पडून, न तपासलेली. साधा उपाय होता: पैसा द्या, तपासून टाका. तिथल्या न्याय विभागाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने त्याबरोबर संशोधनालाही अनुदान दिलं, आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या रिबेका कॅम्पबेल यांच्या चमूने विचारलं, ही किट पडून का राहिली? माणसं आणि पैसा अपुरा होताच. त्याशिवाय पोलिसांच्याच कागदांत तक्रारदार बायकांबद्दल अविश्वास आणि तिरस्कार लिहिलेला निघाला. प्रयोगशाळा कितीही मोठी बांधली तरी हे तिच्या यंत्रात दिसलं नसतं.

वांद्रे आणि सेवाग्राम

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं नाही, आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात झालं. मुंबईच्या 'सेहत' या संशोधन संस्थेने महापालिकेबरोबर २०००–०१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. कल्पना अशी की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही, पण "पाय घसरला" म्हणत सरकारी दवाखान्यात येते. तिथेच तिच्याशी बोलणारं कुणी हवं. केंद्राच्या नोंदी हा चालता अभ्यास ठरला. महापालिकेने पुढे ते आपल्या अंगावर घेतलं, आणि नंतर राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाच्या पैशातून मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत तशी केंद्रं निघाली. संशोधन म्हणून सुरू झालेली गोष्ट सरकारी वेतनपत्रकावर गेली.

दुसरं ठिकाण वर्ध्याजवळचं सेवाग्राम. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या प्रकरणांत डॉक्टर तपासणी कशी करतात याचा अभ्यास केला. तपासणीचे छापील नमुने ठिकठिकाणी वेगळे, कित्येक जागी पीडितेच्या 'सवयी'बद्दल शेरे, आणि ती कुप्रसिद्ध दोन बोटांची चाचणी. २०१० साली हा विषय जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ती चाचणी करू नये असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं म्हटलं. याची सुरुवात ज्या अभ्यासातून झाली, त्याला ना प्रयोगशाळा लागली ना कॅमेरा. रुग्णालयातले कागद नीट वाचणारं माणूस आणि त्याला पगार देणारी संस्था, एवढंच लागलं.

परक्याच्या खिशावर

एनएफएचएसची प्रश्नपद्धती डीएचएस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून आलेली. १९८४ पासून अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेच्या पैशाने तो कार्यक्रम चाले, आणि हिंसेचा प्रश्नसंच नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यातच घडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने तो निधी थांबवला. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या कित्येक देशांची चालू सर्वेक्षणं अर्ध्यावर अडकली.

भारताला तेवढा फटका बसायचं कारण नाही. आपल्याकडे संस्था आहे, माणसं आहेत, आणि सर्वेक्षणाचा मुख्य भार सरकार उचलू शकतं. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ बायका गाठल्या गेल्या होत्या. मात्र हिंसेचा भाग नमुन्यातल्या थोड्याच घरांत विचारला जातो. त्यातून राज्याचं चित्र मिळतं, जिल्ह्याचं नाही. नंदुरबार आणि सिंधुदुर्ग यांच्यात काय फरक आहे, हे या आकड्यांतून सांगता येत नाही. तो नमुना वाढवायचा तर तसल्या मुलाखती वाढतील, प्रशिक्षण वाढेल, दुपारच्या फेऱ्या वाढतील.

डीएचएसच्या प्रश्नावलीत हिंसेचा भाग संपला की एक नोंद मुलाखतकाराने स्वतः करायची असते. कुणी ऐकायचा प्रयत्न केला का, खोलीत आलं का, म्हणून बोलणं थांबवावं लागलं का? तीन ओळी: नवरा, दुसरा पुरुष, दुसरी बाई. प्रत्येकीपुढे तीन पर्याय: एकदा, एकापेक्षा जास्त वेळा, नाही. दुपारी परत आलेली ताई खुणा करते, टॅबलेट बंद करते, आणि सासूने पुढे केलेला चहा घेते.